न घेतलेलं नाव

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याने एका वृद्ध आचार्यांना आणि त्यांच्या शिष्याला घरी जेवायला बोलावलं. निमित्त जेवणाचं होतं. खरी काळजी मुलीची होती. त्याची पत्नी वर्षापूर्वी तापाने गेली, आणि मागे राहिली सात वर्षांची मैना.

"पोर फार शहाणी आहे हो," ओसरीवर बसता बसता व्यापारी म्हणाला. "आई गेली तेव्हा रडली असेल तेवढीच. त्यानंतर डोळ्यांत पाणी म्हणून नाही. हट्ट नाही, रुसवा नाही. फक्त अन्न जात नाही तिला. वैद्य झाले, काढे झाले. डोळ्यांदेखत वाळत चाललीय."

"आईविषयी काय बोलता तिच्याशी?" आचार्यांनी विचारलं.

"विषयच काढत नाही आम्ही. लुगडी देऊन टाकली, तिचा झोपाळा काढला. गडीमाणसांना ताकीद आहे, तिचं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. उगीच लेकराच्या जखमेवरची खपली कशाला काढायची?"

शहाणी पोर! हे विशेषण आपण इतकं स्वस्त कधी केलं, देव जाणे. माझ्याकडे मुलांबद्दल सल्ला घ्यायला येणारे आईबापही कौतुकाने सांगतात, 'आमचा अगदी गुणी आहे हो, काही म्हणून मागत नाही,' आणि मला त्या गुणीपणाचीच काळजी वाटते. अहो, मुलाने मागायचं नाही तर कोणी मागायचं? असो. पानं वाढली आहेत, तिकडे वळू.

आचार्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि वाटी बाजूला सारली. "हिच्यात काहीतरी कमी आहे."

शिष्य चपापला. अन्नाला नावं ठेवू नयेत, हे त्याला शिकवलं होतं ते याच गुरूंनी. वाढणाऱ्या बाईंचा चेहरा तर पार उतरला.

"या घरात पूर्वी आमटी कोण करत असे?" आचार्यांनी विचारलं.

 पंक्तीत बसलेल्या मैनाने मान वर केली. तिने पाहिलं मात्र वडिलांकडे, अगदी निरखून.

"आई करायची," ती पुटपुटली.

"नाव काय तिचं?"

पुन्हा वडिलांकडे एक नजर. "मथुरा."

व्यापाऱ्याचा हात ताटातच थांबला. आचार्यांनी मात्र सहज विचारलं, "आणि मथुरा काय घालायची गं आमटीत?"

"गूळ. जरा जास्तच. बाबा दुकानातून चिडून आले की आणखी एक खडा."

"मी कुठे चिडत होतो?" व्यापारी हसायला गेला आणि त्याला हुंदका आला.

मैना ताडकन उठली. "बाबा, नका ना रडू! नाही घेणार मी नाव. शप्पथ नाही घेणार! तुम्ही माडीवर कडी लावून रडता ते मला ऐकू येतं. म्हणून तर मी कधी आईचं काही काढतच नाही."

व्यापाऱ्याने उष्ट्या हातानेच तिला जवळ ओढलं. मग मात्र पोरीचा बांध फुटला. "मला आई हवी," ती ओरडत होती. "मलाही हवी गं," एवढंच तो म्हणत होता. ताटं तशीच राहिली. रडून रडून ती त्याच्या मांडीवरच झोपी गेली.

बाहेर पडताच शिष्य उसळला. "आचार्य, क्षमा करा, पण आजारी लेकराला रडवून आपण काय साधलंत?"

"ते लेकरू वर्षभर बापाला सांभाळत होतं," आचार्य म्हणाले. "बाप तिला जपायला गप्प, ती बापाला जपायला गप्प. आई गेली हे दुःख तिला पेललं असतं. पण आईची आठवण येणं हाच काही अपराध आहे, असं तिला वाटू लागलं, आणि तो घास तिच्या घशाखाली उतरेना. मुलं आपलं बोलणं थोडंच ऐकतात. आपण काय बोलायचं टाळतो, ते मात्र त्यांना बरोबर ऐकू जातं."

एवढ्यात व्यापारी अनवाणीच धावत आला. डोळे सुजलेले होते. "आचार्य, आता ती रोज रडेल का हो?"

"काही दिवस रडेल."

"मग मी काय करू?"

"तुम्हीही रडा. आजवर दोघं दोन खोल्यांत कुढत होतात. आता एका खोलीत रडा."

व्यापारी माघारी वळला. गुरुशिष्य अजून कुंपणापाशीच होते. आतून त्याचा आवाज आला, घोगरा, अडखळणारा.

"मैने, जागी झालीस? ऐक ना. तुझी आई, आपली मथुरा, या घरात पहिल्यांदा आली ना, तेव्हा..."