टिल्लीआत्याच्या वड्या आणि पळसाचा द्रोण

एक होती उंदरीण. इवलीशी. नाव तिचं टिल्ली.

आज टिल्लीच्या भाच्याचं बारसं. टिल्ली बाळाची आत्या. नाव आत्याच ठेवणार! आत्या आलीच नाही, तर बारसं कसं होणार?

टिल्लीने केल्या खोबऱ्याच्या वड्या. किती? चार! एक दादाला. एक वहिनीला. एक आजीला. आणि एक? एक टिल्लीची टिल्लीला!

मग तिने केला पानाचा द्रोण. वर लावलं पिवळं फूल. तेवढ्यात आला वारा. भुर्रर्र! द्रोण गेला उडून.

"अगं बाई! आता वड्या नेऊ कशात? हातात घेतल्या तर चिकट चिकट! आणि आत्या जाते का रिकाम्या हाताने?"

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भेटला पळस.

"पळसकाका, पळसकाका, पान दे. पानाचा करीन द्रोण. द्रोणात ठेवीन वड्या. मग जाईन बारशाला!"

पळस म्हणाला, "घसा सुकलाय माझा. आधी पाटाचं पाणी आण. मगच पान."

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेतात होता पाण्याचा पाट.

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे. पाणी दिलं की पळस देईल पान. पानाचा करीन द्रोण. द्रोणात ठेवीन वड्या. मग जाईन बारशाला!"

पाट म्हणाला, "माती अडलीय मध्येच. आधी हौसामावशीला माती काढू दे. मगच पाणी."

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बांधावर होती हौसामावशी. हातात फावडं, कडेवर बाळ.

"मावशी, मावशी, माती काढ. माती काढली की पाट देईल पाणी. पाणी दिलं की पळस देईल पान. पानाचा करीन द्रोण. द्रोणात ठेवीन वड्या. मग जाईन बारशाला!"

मावशी म्हणाली, "काढते की गं! पण हे बघ कसं रडतंय. शेळीची घंटा वाजली की हसतं. ते हसू दे, मगच माती."

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. झाडाखाली होती शेळी.

"शेळीबाई, शेळीबाई, घंटा वाजव. घंटा वाजली की बाळ हसेल. बाळ हसलं की मावशी काढेल माती. माती काढली की पाट देईल पाणी. पाणी दिलं की पळस देईल पान. पानाचा करीन द्रोण. द्रोणात ठेवीन वड्या. मग जाईन बारशाला!"

शेळी म्हणाली, "वड्या? कसल्या वड्या? आधी मला एक दे. मगच घंटा!"

टिल्ली थबकली. तीन वड्या तर बारशाच्या. उरली तिची एक. टिल्लीला वाईट वाटलं. थोडं नाही, खूप! पण बारसं थांबलं होतं ना?

ती घरी पळाली. आपली वडी आणली. "घे बाई!"

शेळीने वडी खाल्ली. मचमच मचमच! मान हलवली. टिण टिण! घंटा वाजली, बाळ हसलं. खुदुखुदु! बाळ हसलं, मावशीने माती काढली. खर्र खर्र! माती काढली, पाटाने पाणी दिलं. खळखळ खळखळ! पाणी पिऊन पळसाने पान टाकलं. टप्!

टिल्लीने पान घरी नेलं. वळलं. काडी टोचली. टुच टुच! झाला द्रोण. आत वड्या. एक, दोन, तीन! वर नवं फूल. निघाली आत्या बारशाला. तुरुतुरु तुरुतुरु!

"आलात का वन्सं?" वहिनी म्हणाली. "तुमच्यासाठीच थांबलोय!"

वड्या झाल्या फस्त. द्रोण झाला रिकामा. बाळ शिरलं द्रोणात. गोल गोल फिरलं आणि झोपलंच! पाळणाच झाला की!

टिल्ली वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र! द्रोणू!"

सगळ्यांनी आत्याच्या पाठीत घातले लाडाचे धपके. धप धप धप! "अगं आई गं!" टिल्ली ओरडली. आणि खूप खूप हसली.

नाव बाळाला, घुगऱ्या सगळ्यांना, धपके आत्याला!