म्हाताऱ्या वानराची उडी

दोन डोंगरांच्या मधल्या रानात एक म्हातारा वानर राहत असे. तरुणपणी मारलेल्या उड्यांच्या गोष्टी तो इतक्यांदा सांगे, की कळपातल्या सगळ्यांना त्या पाठ झाल्या होत्या. एका उन्हाळ्यात तिथले पाणी आटू लागले. घळीपलीकडे भरलेला डोह होता. पण घळ ओलांडायची म्हणजे एक लांबलचक उडी मारायला हवी. म्होरक्या म्हाताऱ्याला म्हणाला, “आजोबा, पंधरा दिवसांनी निघायचं. तोवर सराव करा. तुम्हाला मागे टाकून जायचं अगदी जिवावर येईल.”

झाले! म्हातारा इरेला पेटला. ओढ्याच्या कोरड्या वाळूत तो तरुण वानरांच्या बरोबरीने सकाळ-संध्याकाळ उड्या मारू लागला. तरुण दमत, झोपत आणि सकाळी पुन्हा टवटवीत होत. म्हाताऱ्याचे मात्र अंग आंबून गेले. तिसऱ्या दिवशी त्याची उडी निम्म्यावर आली आणि चौथ्या दिवशी त्याला झाडावरही चढवेना. “संपलं माझं! आता मी इथेच तहानेने मरणार,” असे म्हणत तो वाळूत बसून रडू लागला.

शेजारच्या कातळावर एक घोरपड ऊन खात पडली होती. तिने वाळूतल्या खुणांकडे पाहून विचारले, “ही लांबची खूण कुणाची?”

“माझीच. पहिल्या दिवसाची.”

“आणि ही जवळची?”

“तीही माझीच. कालची.”

“अहो, दोन दिवसांत कुणी एवढं म्हातारं होतं का?” घोरपड म्हणाली. “तुम्ही नुसते दमलात. पोरांचा शीण एका रात्रीत उतरतो, तुमचा उतरायला दोन-तीन दिवस लागतात. आधी तो उतरू द्या, मग उडी मारा.”

म्हाताऱ्याला पटले. तो एक दिवस उड्या मारी आणि दोन दिवस सावलीत स्वस्थ पडून राही. तरुण वानर त्याला आळशी म्हणून चिडवत. पण वाळूतली खूण हळूहळू पुढे सरकू लागली.

पंधराव्या दिवशी सगळ्यांनी घळ ओलांडली. शेवटी म्हाताऱ्याने उडी मारली. पूर्वीसारखी ती डौलदार नव्हती. पलीकडच्या फांदीचे टोक कसेबसे त्याच्या हाती लागले. पण लागले! डोहाचे पाणी पोटभर पिऊन तो आनंदाने वाळूत लोळला.

“शाबास, आजोबा!” म्होरक्या म्हणाला. “उद्या पुढचा डोंगर चढायचा. याल ना?”

“येणार तर!” म्हातारा हसत म्हणाला. “तुम्ही उद्या चढा. मी तेरवा येतो.”

तात्पर्य : वय झाले म्हणून धडपड सोडू नये, मात्र दमलेल्या शरीराला सावरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ द्यावा.