पूर्णविरामावरचा पहारा

एकदा एक वृद्ध प्रोग्रॅमर एका बालरुग्णालयासाठी बाळाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढणारा प्रोग्रॅम सांभाळत असे. त्याचा सारा कोड एका सामायिक भांडारात होता. कुणी काही बदलले की तो बदल, म्हणजे कमिट, तिथे कायमचा नोंदला जाई. चुकीची मात्रा आत जाऊ नये म्हणून त्याने शिष्येला हूक लिहायला सांगितला: प्रत्येकाच्या संगणकावर कमिट होण्याआधी आपोआप चालणारी, चूक दिसली तर बदल नाकारणारी छोटी स्क्रिप्ट.

शिष्या मुळातच काळजीखोर. मात्रेची तपासणी तिने लिहिलीच. पण ओळीअखेरची मोकळी जागा, बदलाचे आखूड वर्णन, राहून गेलेला पूर्णविराम, सगळ्यांवरच पहारा बसवला. तरी आपण काहीतरी विसरलो असे तिला वाटतच राहिले.

एके सकाळी वृद्धाने तिला शेजारी बसवले. सरावाच्या प्रतीत तान्ह्या बाळाच्या मात्रेतले दशांशचिन्ह पुसले आणि कमिट केले. बदल निमूट आत गेला.

"आप्पा, मात्रा दहापट झाली ही. माझ्या हूकने अडवलं कसं नाही?"

"तो चाललाच नाही. 'तपासणी वगळ' अशी सूचना जोडली मी. आपल्याच टीममधल्या धुमाळने शिकवली. म्हणाला, तुमची पोरगी पूर्णविरामासाठी दारात उभं करते हो, हे जोडा नि सुटा. आता सगळेच जोडतात."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे पहारा नसता तरी चाललं असतं."

"तसं नाही गं. पण जो पहारेकरी मळक्या पायांवर आणि सुऱ्यावर एकाच आवाजात ओरडतो, त्याचं ओरडणं कुणी ऐकत नाही. मळ तू गुपचूप पूस. ओरड फक्त सुऱ्यासाठी."

तिने मोकळ्या जागा, पूर्णविराम स्क्रिप्टकडूनच दुरुस्त करून घेतले. मात्रेची तपासणी तेवढी प्रत्येकाच्या संगणकावरून उचलून सामायिक भांडाराच्या दाराशी नेली. तिथे वगळण्याची सूचना चालत नाही.

पुढे धुमाळचाच एक बदल त्या दाराशी अडला. तो कुरकुरला नाही. "आता अडवलंय म्हणजे काहीतरी असणार," असे पुटपुटत त्याने मात्रा पुन्हा पाहिली. एक शून्य जास्त होते.

आपल्या घरी दिवसभर उच्चारलेल्या 'नको'मधला गॅसजवळचा 'नको' मुलांना वेगळा ऐकू येतो का, हे ज्याने त्याने पाहावे. मी अजून पाहते आहे.