तोंड न उघडणारी पांढरी मासोळी

एका घरात, खिडकीपाशी ठेवलेल्या काचेच्या मोठ्या टाकीत, एक निळा मासा राहत असे. घर हेमलताबाईंचे होते, पण टाकीत शब्द चाले तो निळ्याचा. तो सिक्लिड जातीचा होता, आणि या जातीच्या माशांना आपल्या जागेचा भारी अभिमान असतो. दगडांच्या राशीखाली एक ऐसपैस कपार होती; ती त्याची. नवा कुणी आला की त्याने आधी निळ्यासमोर येऊन दोन शब्द बोलावेत, मगच दाण्याला तोंड लावावे, असा रिवाज त्याने पाडला होता. स्वभावाने तो वाईट नव्हता, मुलांनो. फक्त मानाच्या बाबतीत जरा हळवा होता.

एके सकाळी हेमलताबाईंनी बाजारातून एक नवी मासोळी आणली. पाण्याने भरलेली तिची पिशवी त्यांनी आधी थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवली आणि मग हलकेच उघडली. मासोळी बाहेर आली आणि सगळे पाहतच राहिले. जात निळ्याचीच, पण रंग दुधासारखा पांढरा आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल! निळा पुढे झाला. "ये बाई," तो म्हणाला, "मी इथला जुना. तू कुठून आलीस?" मासोळीने डोके किंचित हलवले आणि एक शब्दही न बोलता ती बाजूने निघून गेली.

निळ्याच्या शेजारी एक पट्टेरी मासा राहत असे. दुसऱ्याचे कान भरण्यात तो मोठा तरबेज. "बघितलंत, दादा?" तो म्हणाला. "रंग गोरा, म्हणून केवढा तोरा! तुमच्याशी बोलायचंही हिच्या जिवावर येतं." एवढ्यात वरून दाणे पडले. सगळे मासे धावले, पण पांढरी कोपऱ्यातून हलली नाही. हेमलताबाई काचेजवळ वाकून म्हणाल्या, "अगं, खा ना गं थोडं!" तरी तिने तोंड उघडले नाही. "आपल्यात जेवायलाही हिला कमीपणा वाटतो," पट्टेरी पुन्हा निळ्याच्या कानाशी लागला. निळ्याच्या ते मनाला लागले.

त्या दिवसापासून पांढरीला कुठे थारा राहिला नाही. ती एका दगडाआड गेली की निळा तिला तिथून हुसकावी. दुसऱ्या दगडाआड गेली की तिथूनही. तिच्या शेपटीची कड फाटली. ती दिवसेंदिवस वाळत चालली, पण तिने ना उलट चावा घेतला, ना तोंडातून शब्द काढला. दात तर तिलाही होते. 'मग ही चावत का नाही?' निळ्याच्या मनात येई. पण पट्टेरी जवळच असे, आणि तो विचार तिथेच राहून जाई.

एकदा निळ्याने तिला टाकीच्या अगदी टोकाला, काचेशी कोंडले. खिडकीतून ऊन येत होते. ते तिच्या पांढऱ्या अंगातून आरपार गेले आणि निळा जागच्या जागी थबकला. तिच्या जबड्याखालचा गळा फुगलेला होता. त्या पातळ कातडीआड मोहरीहूनही बारीक काळे ठिपके चमकत होते, आणि ते हलत होते. ते डोळे होते! इवल्या इवल्या पिल्लांचे डोळे. ती आपली पिल्ले तोंडात सांभाळत होती.

"थांबलात का, दादा? हाणा तिला!" मागून पट्टेरी ओरडला. निळा गर्रकन वळला. "वीतभर जरी पुढे आलास तर माझ्याशी गाठ आहे," तो म्हणाला. मग पांढरीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तू काही बोलू नकोस. नुसती माझ्यामागून ये." त्याने तिला आपल्या कपारीत नेले आणि स्वतः दाराशी, उघड्यावर, पहारा देत राहिला.

काही दिवसांनी कपारीतून धुरासारखे काहीतरी बाहेर तरंगत आले. ती पिल्ले होती. काही राखी, काही पांढरी. त्यांच्यामागून आई आली आणि कितीतरी दिवसांनी तिने दाण्याचा पहिला घास घेतला. निळ्याला तिच्याकडे बघवेना. "मी इतका छळ केला," तो म्हणाला, "तेव्हा एका शब्दाने तरी सांगायचंस."

"तोंड उघडलं असतं, तर यांतलं एखादं बाहेर पडलं असतं, दादा," ती म्हणाली. "आणि तुमचे दात तेव्हा फार जवळ होते."

दूरवरून पट्टेरीने टोमणा मारला, "काय हो दादा, कपारही गेली आणि तुमचा मानही गेला!"

"कपार मी आपणहून दिली," निळा म्हणाला. "आणि मान गेला तो हिच्या मागे धावलो तेव्हाच. आता तो परत मिळेतो इथे उभा राहणार आहे." असे म्हणून तो कपारीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला, आणि पिल्ले त्याच्या निळ्या सावलीत निर्धास्त फिरू लागली.

तात्पर्य एवढेच : गप्प राहणाऱ्याला गर्विष्ठ ठरवण्याआधी, तो मुकाट्याने काय जपतो आहे हे पाहावे; आणि आपली चूक कळली, की ती निस्तरायला आपणच पुढे व्हावे.