करंजखिंडीचे अकरा टेके

करंजखिंडीच्या माथ्यावर, भैरोबाच्या देवळासमोर, एका अखंड दगडातून कोरलेली डोण आहे. सात हात लांब, अडीच हात रुंद. झऱ्याचे पाणी एका बाजूने तिच्यात पडते आणि दुसऱ्या बाजूने उतारावर निघून जाते. घाट चढताना वाटेच्या कडेला ठरावीक अंतराने शेंदूर लावलेले सपाट दगड लागतात. ते अकरा आहेत आणि त्यांना टेके म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यात देवाच्या उजव्या हाताला चार हात लांब दांड्याचा एक लाकडी ठोकळा उभा केलेला असतो. नवखा माणूस विचारतो, हे वल्हे आहे का? देवळाचे पुजारी केरू गुरव ऐंशीच्या पुढचे आहेत. ते या प्रश्नाची वाटच पाहत असतात.

पूर्वी कोकणातून मीठ घेऊन येणारे बैलांचे तांडे याच वाटेने चढत, असे ते सांगतात. झरा तेव्हाही होता, पण पाणी वाळूत जिरून जाई. माथ्यावर पोचलेली जनावरे ओल्या वाळूला तोंड लावून उभी राहत आणि तिथेच बसत. एका उन्हाळ्यात नऊ बैल गेले, म्हणे. तेव्हा गावाने भैरोबाला नवस केला, की खालच्या ओढ्यातल्या खडकाची डोण कोरून तुझ्या दारी आणू. देवाची कावड वाटेत भुईला टेकवत नाहीत, तशी ही डोणही टेकवायची नाही. एका दमात वर न्यायची.

डोण तयार झाली. गोल ओंडक्यांवर ती चढवली, जाड दोराचा नाडा बांधला आणि चाळीस माणसांनी ओढायला घेतली. गावचे सुतार रखमाजी पुढे राहून हाळी देत होते. त्यांचा थोरला मुलगा रावजी डोणीच्या मागे चालत होता. मोकळे झालेले ओंडके उचलून त्याने पुढे न्यायचे, असे ठरले होते. तिसऱ्या वळणावर त्याला नाड्याचे पीळ सुटताना दिसले. त्याने डोणीमागे लावायला एक धोंडा उचलला.

रखमाजींनी वरून पाहिले आणि ओरडले, “टेकू नको रे, नवस मोडंल.”

रावजी बापाच्या शब्दाबाहेरचा नव्हता. धोंडा हातात धरून तो तसाच उभा राहिला. नाडा तुटला.

डोण रावजीच्या अंगावरून खाली गेली आणि एका जांभळीच्या बुंध्याला अडकून वर्षभर तिथेच पडून होती.  केरू गुरव म्हणतात, रखमाजी त्या वर्षात फारसे कोणाशी बोलले नाहीत, पण त्यांचा रंधा बंद नव्हता.

पुढचा उन्हाळा आला तसे गाव पुन्हा जमले. घरटी एक माणूस नाड्याला, असे ठरले. रखमाजींच्या घरात आता धाकटा म्हाळू तेवढा होता, नुकतेच लग्न झालेला. रखमाजी म्हणाले, मुलगा देतो, पण डोण माझ्या रीतीने जाईल. आणि त्यांनी वर्षभराचे काम अंगणात मांडले. डोणीखाली घालायची जाड वाशांची चौकट. जमिनीत रोवून फिरवायचा उभा रहाट, त्याला चार आडवे दांडे. नाडा रहाटाभोवती गुंडाळला की चाळिसांचे काम आठ जण करतील आणि ते सगळे डोणीच्या वर असतील, खाली कोणी नाही. शेवटी बाभळीची ही उटी, म्हणजे मागे सरकू न देणारा ठोकळा. डोण हातभर चढली की बाजूला उभे राहून दांड्याने उटी डोणीच्या मागे सारायची. हात डोणीखाली जाता कामा नये.

लोकांना ते पटले, पण नवसाचे काय? उटीवर टेकणे म्हणजे टेकणेच. कोणी टोमणाही मारला, की सुतारबाबा आता भ्यायला लागले. रखमाजी म्हणाले, होय, भ्यालो.

मग देवाला कौल लावला. उजवे फूल पडले तर जा, डावे पडले तर नको. सगळे गाव देवळात बसले. फूल पडेना. दुपार झाली, दिवस कलला, दोन्ही फुले जागची हलली नाहीत. तेव्हाचा गुरव म्हणाला, देव बोलत नाही, उठा आता.

रखमाजी म्हणाले, “बोलतोय की. सकाळधरनं त्योबी थांबलाच हाय न्हवं? त्याला न्हाई घाई, मंग आपल्यालाच का?”



उटीला हळदकुंकू लावून काम सुरू झाले. नाडा पुरेल तेवढी चढण चढायची, डोण उटीवर टेकवायची, रहाट उपटून वर रोवायचा. दिवसाला एक मजल. उटी रखमाजींनी स्वतः धरली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. अकराव्या दिवशी देवळाची पायरी दिसू लागली आणि लोकांना राहवेना. दांड्यांवरच्या माणसांनी रहाटाला जोराचा हिसका दिला. म्हाळू घसरलेला ओंडका सरळ करायला डोणीच्या मागे गेला होता. जायचे नव्हते, पण गेला. तेवढ्यात नाडा तुटला.

डोण बोटभर मागे आली आणि उटीवर थांबली.

म्हाळू बाजूला होऊन बापाजवळ आला. रखमाजींची दांड्यावरची मूठ सुटेना, ती लोकांनी एकेक बोट करून सोडवली. असे सांगतात, की ते पहिल्यांदा तेव्हा रडले. आणि थोरल्याचे नाव घेऊन म्हणाले, “धोंडा लाव म्हणायला पायजे हुतं मी.”

गुरवाने उटीला हात जोडले. डोण भुईला टेकलीच नाही, म्हणाला, देवाच्या हातावर टेकली. तेव्हापासून ती उटी गाभाऱ्यात आहे. जिथे जिथे डोण थांबली, तिथे टेके झाले.

आजही करंजखिंड चढणारा ओझेवाला अकराही टेक्यांवर थांबतो. मग डोक्यावर धान्याचे पोते असो, नाही तर नव्या नवरीची ट्रंक. थांबलेल्याला कोणी ‘चल’ म्हणत नाही. मागच्या साली विजेचा खांब वर नेणारी माणसेही थांबली, केरू गुरवांनी थांबवली.

ही गोष्ट ऐकून आम्ही उतरायला लागलो तेव्हा त्यांनी पायरीवरून हाक मारली, “टेक्यावर बसत जावा.”

मी म्हणालो, “गुरवबाबा, आमच्याकडे ओझं नाही काही.”

“नसू द्या,” ते म्हणाले. “बसा.”

आम्ही अकराही ठिकाणी बसलो.