चिंगीची प्रार्थना

फार फार वर्षांपूर्वी, मांजरंसुद्धा जेवणाआधी प्रार्थना करायची तेव्हाची गोष्ट. वसईतल्या एका चर्चमागे चिंगी नावाची मांजर राहायची. मोठी भाविक!

शेजारच्या अंगणात रोजालीनबाय दोरीवर बोंबील सुकवायची. कुंपणापलीकडच्या आजारी पास्कूबाबाला पेजेबरोबर दुसरं काही जायचंच नाही, म्हणून.

एके दिवशी चिंगीनं उडी मारून एक बोंबील अलगद दातांत धरला आणि डोळे मिटले. "देवा, हा मी खाऊ नये अशी तुझी इच्छा असेल, तर आंब्याचं पान पाड."

टपकन पान पडलं. चिंगीनं एक डोळा उघडला. "हे पिकलेलंच होतं. हिरवं पाड."

हिरवं पान नेमकं तिच्या नाकावर पडलं.

"वाऱ्यानं पाडलं हे! पानांचं राहू दे, घंटा वाजव."

चर्चची घंटा घणघणली.

"ही तर बाराची. रोजचीच!"

टोपलीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी वैतागली. "अगं बये, देवानं तरी किती सांगायचं? आधी तोंडातला बोंबील खाली ठेव, मग विचार."

चिंगीनं नाइलाजानं बोंबील खाली ठेवला. तोंड मोकळं झालं, तशी मान वर झाली. कुंपणापलीकडे पास्कूबाबा पेजेचं ताट पुढ्यात घेऊन वाट बघत बसला होता.

"हं, विचार आता," कोंबडी म्हणाली.

"खाली ठेवल्यावर विचारायला उरलंच काय?" चिंगी फणकारली आणि शेपटी उडवत उंदीर शोधायला निघून गेली.