कुंपणाचा पाला

सन १९७५ ची दिवाळी. थंडी नुकतीच पडू लागली होती. खडकमाळ गावात सोनबा ढेबे नावाचा एक माणूस खोकल्याचे औषध देत असे. दार लावून तो कसलासा पाला तव्यावर शेकी, रस पिळी आणि मधातून चाटवी. पैसा घेत नसे. पाल्याचे नावही सांगत नसे. नाव उच्चारले की औषधाचा गुण जातो, असा त्याच्या घराण्याचा दंडक होता.

त्याची एकुलती लेक गजरा माहेरी आली होती. ती म्हणाली, "आबा, पोराला सारखा खोकला होतो. पाला कशाचा, तेवढं सांगा."

"तू आता परक्या घरची. ही विद्या वेशीबाहेर जात नाही."

"मग मी तरी वेशीच्या आत कशाला येऊ?"

ती त्याच दिवशी गेली. पुन्हा आली नाही.

दर दिवाळीला सोनबा फाट्यावर जाऊन बसे. एसटी येई, लोक उतरत, लेक उतरत नसे. कोणी विचारले तर म्हणे, "ऊन खातोय." ऊन उतरले तरी उठत नसे.

चौथ्या वर्षी बांगड्या भरणारा कासार सांगत आला, की नातू खोकून खोकून अर्धा झाला आहे. सोनबा रसाची शिशी घेऊन लेकीच्या गावी निघाला. नाव सांगायचे नाही, हे ठरलेलेच होते.

गजराने पाणी दिले. मग एक रिकामी बाटली पुढे ठेवली.

"तालुक्याच्या डॉक्टरांनी दिली होती. गुण आला, पण संपली. हिच्यावर नाव छापलंय, अडुळसा. पण तो दिसतो कसा, हे मला कुणी दाखवलं नाही."

सोनबाने बाटली उचलून न्याहाळली. त्याच्याच पाल्याचे नाव चारचौघांत छापलेले होते, तरी गुण गेला नव्हता. त्याने मागच्या दाराबाहेर पाहिले. परसाला शेळ्या तोंड लावत नाहीत अशा झाडांचे कुंपण घातले होते. ते सगळे अडुळशाचे.

त्याने उठून फांदी मोडली. "हाच तो."

"हा? अहो आबा, याच्यावर मी लुगडी वाळत घालते!" ती हसली, आणि हसता हसता रडली.

सोनबाने तिला चुलीपुढे बसवले. पाने निवडणे, शेकणे, रस काढणे, सगळे तिच्याच हातून करून घेतले. नातवाला औषधही तिनेच चाटवले.

लेकीचे देणे फिटले.

तात्पर्य: नाव सांगितल्याने औषधाचा गुण जात नाही, न सांगितल्याने आपले माणूस जाते.